वळायचं उजवीकडे, हँडल डावीकडे

चाळीसच्या वेगाने चाललेली मोटारसायकल उजवीकडे वळवायची असेल, तर हँडल आधी डावीकडे फिरवावं लागतं. हे वाक्य वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या कुणालाही ऐकवून बघा. तो आधी हसेल, मग "काहीतरीच काय!" म्हणेल आणि दोन्ही मुठी पुढे धरून हवेतलं हँडल उजवीकडे वळवून दाखवेल. आणि हाच गृहस्थ संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक उजव्या वळणावर हँडल क्षणभर डावीकडे ढकलणार आहे. त्याच्या हातांना हे गाडी शिकला तेव्हापासून ठाऊक आहे. त्याला स्वतःला मात्र कुणी सांगितलेलं नाही.

विमान उडवण्याआधी ओहायोतल्या डेटन गावात सायकली बनवून विकणाऱ्या विल्बर राइटच्या हे लक्षात आलं होतं. सायकल डावीकडे कशी वळवता, असं त्याने डझनावारी लोकांना विचारलं. पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर एकानेही दिलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. वळायचं तर आधी कलायला हवं, ही सायकलवर पटलेली गोष्ट राइट बंधूंनी पुढे विमानाच्या पंखांनाही लावली.

हे कसं घडतं ते घरच्या घरी बघता येतं. तळहातावर एक काठी उभी तोलून धरा आणि तिला उजवीकडे न्या. हात सरळ उजवीकडे नेलात तर काठी डावीकडे कोसळते. म्हणून हात आधी किंचित डावीकडे जातो, काठी उजवीकडे झुकते आणि मग हात तिच्या मागोमाग उजवीकडे धावतो. मोटारसायकलचंही तेच. हँडल डावीकडे गेलं की टायर डावीकडे सरकतात आणि वरचं धूड उजवीकडे कलतं. कललं की पुढचं चाक आपणहून उजवीकडे वळतं आणि गाडी वळण घेते. डावीकडचा तो धक्का इतका हलका आणि इतका क्षणभराचा असतो, की करणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

मोटारसायकल शिकताना अशा उलट्यासुलट्या गोष्टी पावलोपावली भेटतात. शिकवणाऱ्यालाही त्या शब्दांत सांगता येत नाहीत. "चालवत राहा, येईल आपोआप," एवढंच तो म्हणतो, आणि त्यात बरंच तथ्य आहे. शरीर यातलं बहुतेक सगळं खरोखरच आपोआप शिकतं. ते काय काय शिकतं हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. काय शिकत नाही हे पाहिलं की सावध व्हायला होतं.

सुरुवात क्लचपासून. कुठल्याही गावात सकाळी शाळेच्या मैदानावर हे दृश्य दिसतं. गाडीवर भाची, तिने हँडल इतकं आवळलंय की बोटांची पेरं पांढरी पडलीत. बाजूला मामा, एक हात मागच्या कॅरिअरवर.

"क्लच दाब. आता पहिला टाक. हं. आता हळूहळू सोड... हळू..."

गाडी गचका देते, उसळते आणि बंद पडते.

"मामा, हळूच तर सोडला!"

"हळू सोडलास गं, पण निम्म्यावर आल्यावर एकदम सोडलास. निम्म्यावर थांबायचं असतं. मार किक."

मामाच्या त्या "निम्म्यावर थांबायचं" यात सगळं यंत्रशास्त्र आलं. पेट्रोलच्या इंजिनाला फार सावकाश फिरताच येत नाही. छोट्या गाडीचं इंजिन नुसतं जागेवर धडधडत असतं, तेव्हाही ते मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेत असतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोलचा भडका उडतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ बारा भडके. फेरे फारच कमी झाले, तर पुढच्या भडक्यापर्यंत रेटून नेण्याइतका जोर उरत नाही आणि इंजिन बंद पडतं. दुसऱ्या टोकाला मागचं चाक आहे, ते शून्यावर उभं. चौदाशे आणि शून्य यांची एकदम गाठ घातली तर दोघांपैकी एकाला हार मानावी लागणार. भाचीच्या गाडीत ती इंजिनाने मानली.

ही गाठ सावकाश घालायचं काम क्लचचं. इंजिनाच्या पोटात तेलात भिजलेल्या चकत्यांची एक चवड असते. एक चकती इंजिनाबरोबर फिरणारी, तिला खेटून दुसरी गिअरबॉक्सबरोबर फिरणारी, पुन्हा पहिलीसारखी, पुन्हा दुसरीसारखी. स्प्रिंगा ही चवड घट्ट दाबून धरतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा स्प्रिंगांचा हा दाब काढून घेत असतो. म्हणजे दाबलं की सुटतं आणि सोडलं की धरतं, ही आणखी एक उलटी गोष्ट. या दोन टोकांच्या मध्ये, लिव्हरच्या अगदी थोड्या हालचालीत, चकत्या एकमेकींवर घासत सरकत असतात. गॅरेजवाल्यांचा 'हाफ क्लच' तो हाच. डाव्या हाताच्या बोटांना ही जागा सापडली की निम्मं काम झालं.

आता एक साधा हिशोब बघा. शंभर सीसीच्या गाडीत पहिल्या गिअरवर इंजिनाचे साधारण तीस फेरे होतात तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. चौदाशेला तीसने भागलं तर चाकाचे मिनिटाला पंचेचाळीसच्या आसपास फेरे, म्हणजे ताशी पाचेक किलोमीटर. माणूस चालतो तेवढाच वेग! म्हणूनच ॲक्सिलेटरला हात न लावता, नुसत्या क्लचवर, गाडी चालत्या माणसाच्या सोबतीने निघते. शहाणा मामा पहिल्या दिवशी तेवढंच करून घेतो, आणि शेजारून चालत राहतो.

पायाला वेगळं काम. मोटारसायकलचे गिअर रांगेत येतात. पहिल्यातून थेट तिसऱ्यात उडी नाही. न्यूट्रल बऱ्याच गाड्यांत पहिल्या आणि दुसऱ्याच्या अधेमधे असतो, म्हणून सिग्नलला नवशिक्याची त्याच्याशी लपाछपी चालते. काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. जुन्या बुलेटला तर गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. येझदीची किक हीच गिअरची दांडी. आणि पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या बजाज चेतकचे गिअर डाव्या मुठीत. यातली कुठलीही पद्धत थोड्या दिवसांत अंगवळणी पडते. मग एखाद दिवशी मित्राच्या वेगळ्या गाडीवर बसलं, की ब्रेक दाबायला गेलेला पाय गिअर टाकून मोकळा होतो. शरीराने काय पक्कं करून ठेवलंय ते अशा वेळी कळतं.

आता तोल. नवशिक्याला वाटतं वेग म्हणजे धोका, म्हणून हळू चालवावं. पण नेमकं हळू चालवणंच अवघड. शाळेतल्या संथ सायकल स्पर्धेत बहुतेकांचा पाय निम्म्या वाटेतच टेकतो, तो काही उगाच नाही. मोटारसायकल पहिल्यांदा बनवणाऱ्यांनाही तोलाची धास्ती होतीच. जर्मनीत १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी दुचाकी बनवली. सांगाडा लाकडी, ताकद जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीची, वेग ताशी ११-१२ किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंना आधाराची दोन छोटी चाकं! डाइमलरचा किशोरवयीन मुलगा पाउल ती चालवत कानश्टाटहून शेजारच्या उंटरट्युर्कहाइमला गेला. वाटेत खालच्या तापलेल्या इंजिनाने सीटच पेटली, असं सांगतात. मोटारसायकल शिकणाऱ्यांच्या घराण्याचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

वेग थोडा वाढला, की मात्र गाडी स्वतःच स्वतःला सावरू लागते. शर्यतीत स्वार खाली पडल्यावर मोकळी झालेली मोटारसायकल सरळ उभी धावत गेल्याचं अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. ती डावीकडे कलली, की पुढचं चाक आपणहून डावीकडे वळतं. त्यामुळे टायर कललेल्या वजनाच्या खाली येतात आणि गाडी पुन्हा उभी होते. चाक असं का वळतं? एक कारण पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या तिरकस बसण्यात आहे. हँडल ज्या आसावर फिरतं तो आस सरळ खाली वाढवला, तर तो टायर टेकतो त्या जागेच्या काही सेंटिमीटर पुढे रस्त्याला भिडतो. त्यामुळे टायर या आसाच्या मागून ओढला जातो आणि गाडी जाईल त्या दिशेला तोंड करतो. दुसरं कारण चाकाच्या फिरण्यात आहे. वेगाने फिरणारं चाक एका बाजूला कललं की त्याच बाजूला वळू पाहतं.

केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या फ्रान्सिस व्हिपल या विद्यार्थ्याने १८९९ मध्ये दुचाकीच्या तोलाची समीकरणं मांडली. ही दोन कारणं सापडल्यावर प्रश्न सुटला असं पुष्कळांना वाटत होतं. पण २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक विचित्र दुचाकी बनवली. तिचा टायर आसाच्या मागे नव्हता, किंचित पुढेच होता. चाकांच्या फिरण्याचा परिणामही उलट फिरणारी जादा चाकं बसवून रद्द केलेला. म्हणजे दोन्ही कारणं बाद! तरीही ढकलून दिल्यावर ती स्वतःला सावरत पुढे गेली. जर्मनीत कार्ल ड्राइसने १८१७ मध्ये पायाने रेटायची दोन चाकी गाडी काढली, तेव्हापासून माणूस दुचाकीवर बसतोय. पण दुचाकी उभी राहायला अमुक एक गोष्ट हवीच, असं एका ओळीत सांगणारा नियम अजून सापडलेला नाही.

नवशिक्याने यातून एवढंच घ्यायचं, की हँडल आवळायचं नाही. सावरण्यासाठी पुढच्या चाकाला सारखं डावी-उजवीकडे हलावं लागतं, आणि ताठरलेले दंड नेमकी तीच हालचाल अडवतात. पकड घ्यायची ती गुडघ्यांनी, टाकीवर. हात सैल. आरटीओच्या मैदानात आठ काढायला लावतात, ती मात्र दुसऱ्या टोकाची परीक्षा. तिथे वेग इतका कमी असतो की गाडीची काही मदत मिळत नाही. सगळी भिस्त हाफ क्लच, मागच्या ब्रेकचा हलका दाब आणि नजर यांवर.

नजरेचंही एक नवल आहे. रस्त्यात एकच खड्डा असतो, दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा असते, तरी नवशिक्या बरोबर खड्ड्यातच जातो. कारण तो खड्ड्याकडे बघत असतो, आणि हात नजरेमागे जातात. खड्डा बघाल तर खड्ड्यात जाल. शेजारची सपाट पट्टी बघाल तर तिच्यावरून जाल. घाटातल्या वळणावर कठड्याकडे न बघता वळण जिथे संपतं तिकडे बघायचं, असं जुने चालवणारे सांगतात ते यासाठीच.

वळणावर गाडी कलते तेव्हा भीती वाटते ती पडण्याची. पण न कलता वळणं शक्यच नाही. समजा २० मीटर त्रिज्येचं वळण आहे आणि वेग ताशी ३६ किलोमीटर. हिशोबाने कल येतो साधारण २७ अंश. या हिशोबात गाडीचं वजन कुठेच येत नाही. ११० किलोची स्प्लेंडर आणि १९० किलोची बुलेट, दोघींना त्याच वेगात जवळपास तेवढंच कलावं लागतं. शर्यतीतले स्वार तर ६० अंशांपलीकडे जातात. आणखी गंमत म्हणजे बरोबर कललेल्या गाडीवर आपल्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेला कल जाणवतच नाही. वळताना बाहेर फेकणारा जोर आणि वजन यांची बेरीज सरळ सीटच्या दिशेने दाबते. डोळे म्हणतात जमीन तिरकी झाली, कान म्हणतो सगळं सरळ आहे. घाबरून बाहेरच्या बाजूला अंग टाकणारा माणूस डोळ्यांचं ऐकत असतो. गाडीबरोबर कलणारा कानाचं.

एवढं सगळं मेंदूत साठतं कुठे? अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नव्या आठवणी साठवण्याची शक्तीच गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आरशात सगळं उलटं, त्यामुळे सुरुवातीला कुणाचाही हात भरकटतो. मोलेसनचाही भरकटला. पण दिवसागणिक त्याची रेघ सुधारत गेली, आणि दर वेळी तो म्हणे, हे काम मी आधी कधी केलेलंच नाही. हाताचं शिकणं आणि मनाचं आठवणं या मेंदूतल्या दोन निराळ्या व्यवस्था आहेत, हे त्यातून उघड झालं. विल्बर राइटला धड उत्तर का मिळालं नाही, तेही कळलं. ज्यांना तो विचारत होता त्यांच्या हातांना उत्तर येत होतं, तोंडाला नाही. हातापायांचा सराव झोपेत पक्का होतो, हेही आता माहीत झालंय. म्हणून एकाच दिवशी तासन् तास घोटण्यापेक्षा रोज थोडं चालवून झोपलेलं बरं.

मग आपोआप येत नाही ते काय? ब्रेक.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये आला. बहुतेक चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. संकट दिसल्यापासून धडकेपर्यंत हातात दोन सेकंदही नव्हते. तेवढ्यात त्यांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं, पुढचा पुरेसा दाबला नाही, आणि हँडल उलटं ढकलून झटकन बाजूला होणं तर जवळजवळ कुणाला साधलंच नाही. रोजच्या वळणावर हात जे न सांगता करतात, तेच संकटात त्यांनी केलं नाही.

आपल्याकडे नवशिक्याला पहिलाच उपदेश मिळतो: "पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील." हिशोब याच्या अगदी उलट आहे. गाडी थांबू लागली की वजन पुढे झुकतं. जोरात ब्रेक लागतो तेव्हा पाऊण किंवा त्याहून जास्त भार पुढच्या टायरवर येतो आणि मागचं चाक जवळजवळ रिकामं होतं. ज्या टायरवर भार जास्त, त्याचीच रस्त्यावरची पकड जास्त. ताशी ५० च्या वेगात गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर थांबायला आणखी तेवढंच, सुमारे १४ मीटर अंतर लागतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर ते दुपटीहून जास्त होतं. वेग दुप्पट झाला तर हे अंतर चौपट.

"तोंडावर पडशील" यातही एक सत्य आहे. चाक फिरत असतं तेव्हा टायरची रस्त्याला टेकलेली जागा त्या क्षणी रस्त्याच्या मानाने स्थिर असते. गाडी ताशी ६० ने चाललेली, टायरचा माथा १२० ने पुढे झेपावणारा, आणि बूड शून्यावर! या तळहाताएवढ्या स्थिर जागेवरच सगळी पकड अवलंबून. ब्रेक एकदम आवळला की चाक जाम होतं, ती जागा घासत सुटते आणि पुढचं चाक वळायचंच थांबतं. मग गाडी आडवी होते. म्हणून ब्रेक दाबायचा तो पिळत, वाढवत. वाळूवर, खडीवर, आणि गाडी कललेली असताना तर फार जपून. तिथे पकड वळण्यात आधीच खर्ची पडलेली असते. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं झालं. चाक जाम व्हायला लागलं की सेकंदात अनेकदा ब्रेक सोडून-धरून ते चाक फिरतं ठेवतं. पण लिव्हर दाबायचं काम हातालाच करावं लागतं, आणि सवय नसलेला हात ते दोन सेकंदांत करत नाही.

तेव्हा शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्या मामालोकांना एक विनंती. अठरा पूर्ण झाल्यावर लर्निंग लायसन्स मिळतं. ते सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते. त्या तीस दिवसांत नुसते आठ काढत बसू नका. कोरडं, स्वच्छ, रिकामं मैदान बघा. हेल्मेटचा पट्टा लावा. गाडी सरळ रेषेत पंचवीस-तीसच्या वेगाला न्या आणि दोन्ही ब्रेक वाढवत वाढवत दाबून थांबा. पुन्हा करा, पुन्हा करा. मग तेवढ्याच वेगात उजव्या मुठीला तळहाताने पुढे हलका रेटा द्या आणि गाडी उजवीकडे जाते ते अनुभवा. लायसन्स हातात आल्यावरही दर पावसाळ्यानंतर आणि नवी गाडी घेतल्यावर हा सराव पुन्हा करा. बाकीचं बहुतेक हात स्वतः शिकतात. हे दोन धडे मात्र त्यांना मुद्दाम द्यावे लागतात.